मोठा टीव्ही घ्यायचाय, बजेट मधलं आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे मधलं बजेट म्हणजे साधारण ४० ते ७५ हजार आणि मोठा म्हणजे ५० ते ६५ इंच. मॉडेल नंबर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते वर्षभरात जुने होतात आणि किमती तर सेलच्या काळात दिवसातून दोनदा बदलतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत: टीव्हीचा आवाज नंतर सुधारता येतो, स्मार्टपणा नंतर दोन-चार हजारांची स्टिक (टीव्हीच्या मागे खोचायची, ॲप्स चालवणारी छोटी काडी) लावून बदलता येतो, पण पॅनेल (म्हणजे खुद्द पडदा) आणि त्याच्या मागचा बॅकलाइट (उजेड देणारे दिवे) एकदा घेतला की तोच. पैसे तिकडे घाला.

नेमका किती इंची घ्यावा?

हॉल किती बाय किती आहे हे सगळे सांगतात, पण मोजायचं असतं ते सोफ्यावर बसल्यावर तुमच्या डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर. फोरकेसाठी हे अंतर टीव्हीच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट असलं की बरं पडतं. म्हणजे ४३ इंचाला सव्वाचार ते पावणेसहा फूट, ५५ ला साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ ला साडेसहा ते पावणेनऊ फूट. आता आपल्याकडचा नेहमीचा टू बीएचके हॉल घ्या, दहा-साडेदहा फूट रुंद, एका भिंतीला सोफा आणि समोर टीव्ही, तर डोळे साडेसात-आठ फुटांवर येतात. तिथे ५५ आरामात चालतो आणि ६५ सुद्धा "बापरे केवढा" वाटत नाही, पहिले चार दिवस वाटतो मग सवय होते.

घेण्याआधी भिंतीवर मास्किंग टेप लावून चौकोन काढा. ५५ चा पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६९ उंच असतो, ६५ चा १४४ आणि ८१. घरातल्या सगळ्यांना दोन दिवस तो चौकोन बघू द्या, म्हणजे नंतर भांडण नको.

सुताराने केलेल्या युनिटमध्ये खण आहे, त्यात ५५ बसेल ना?

खण चार फुटी असेल तर नाही बसणार. चार फूट म्हणजे १२१.९ सेंटीमीटर आणि ५५ चा नुसता पडदाच तेवढा असतो, वर कडेची फ्रेम धरली की साधारण १२३ होतो. एवढ्याशा फरकाने टीव्ही अडकतो आणि मग एकतर युनिट कापायचं नाहीतर ५० घ्यायचा. बसला तरी कडेने चार बोटं हवा खेळायला जागा पाहिजे. टेबलावर ठेवणार असाल तर अजून एक गोष्ट बघा, हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना मध्ये एक स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात, त्या पायांमधलं अंतर वेबसाइटवर दिलेलं असतं ते टेबलाच्या लांबीपेक्षा कमी आहे का ते आधीच मोजा.

एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी... यात खरा फरक काय?

पहिले तिन्ही मुळात एलसीडीच आहेत. पुढे एलसीडीचा पडदा, मागे एलईडी दिव्यांचा उजेड, पडदा तो उजेड कुठे अडवतो कुठे सोडतो, त्यातून चित्र तयार होतं.

क्यूएलईडीमध्ये मध्ये क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, एक थर असतो, त्याने रंग जास्त शुद्ध आणि भरलेले दिसतात. लाल साडी लाल दिसते, विटकरी नाही. पण काळा रंग त्याने सुधारत नाही, ब्राइटनेसही आपोआप वाढत नाही, आणि नाव ओएलईडीसारखं ऐकू येतं म्हणून शोरूममध्ये "सर, ऑलमोस्ट सेमच आहे" असं कोणी म्हणालं तर पुढे चला.

मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे खूप छोटे आणि संख्येने जास्त असतात आणि ते गटागटाने कमीजास्त करता येतात, त्या गटांना झोन म्हणतात आणि या प्रकाराला लोकल डिमिंग. घराला एकच मेन स्विच असणं आणि प्रत्येक खोलीला वेगळं बटण असणं यात जो फरक तोच साध्या एलईडीत आणि यात. रात्रीचा सीन असेल तर काळा भाग खरंच काळा होतो आणि त्याच वेळी चंद्र किंवा गाडीचे हेडलाइट चमकतात.

ओएलईडीमध्ये मागे दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. चित्र म्हणाल तर सगळ्यात भारी. पण ५५ इंची ओएलईडी साधारण लाखाच्या आसपास जातो, आणि ज्या घरात दिवसभर न्यूज चॅनेल लावून ठेवलेला असतो, खाली तीच पट्टी आणि कोपऱ्यात तोच लोगो, तिथे बर्न-इनचा, म्हणजे त्या पट्टीचा-लोगोचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याचा, धोका असतो. आजोबा सकाळी सातला बातम्या लावून रात्री दहाला बंद करत असतील तर परवडत असला तरी ओएलईडी घेऊ नका.

या बजेटमध्ये माझं मत विचाराल तर ५५ इंची बऱ्यापैकी मिनी एलईडी, आणि तो हाताबाहेर जात असेल तर लोकल डिमिंग असलेला क्यूएलईडी. त्यापेक्षा कमी बजेट असेल तर साधा एलईडी घ्या पण ब्राइट घ्या.

मिनी एलईडी लिहिलं म्हणजे चांगलाच असणार ना?

नाही हो. इथेच मोठा झोल आहे. झोन किती ते कोणी खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहीत नाही. काही स्वस्त मिनी एलईडीमध्ये मोजकेच झोन असतात, मग अंधाऱ्या पडद्यावर पांढरं सबटायटल आलं की त्याच्याभोवती धुरकट प्रकाश पसरतो, त्याला ब्लूमिंग म्हणतात. शंभराच्या वर झोन असतील तर बरं, दोनशे-तीनशेच्या पुढे गेलं की फरक साध्या डोळ्यांनी कळतो. आकडा कंपनीच्या साइटवर नसेल तर रिव्ह्यूमध्ये शोधा, कुठेच सापडत नसेल तर तो सांगण्यासारखा नाही असं समजा.

६५ चा साधा घेऊ की त्याच पैशात ५५ चा भारी?

हा प्रश्न प्रत्येक घरात होतो आणि निकाल बहुतेक वेळा ६५ च्या बाजूने लागतो, कारण मोठं दिसतं. तुमच्या घरी मुख्यतः क्रिकेट आणि मालिका बघत असतील, अंतर आठ-नऊ फूट असेल तर ६५ चा साधा घेतलात तरी काही बिघडत नाही. रात्री दिवे बंद करून सिनेमा, वेबसिरीज बघणारे असाल तर ५५ चा चांगला घ्या, कारण स्वस्त ६५ वर काळा रंग राखाडी दिसतो आणि तो राखाडी आता अजून मोठ्या जागेत दिसतो. माझं वजन ५५ च्या पारड्यात.

आणि ६५ चा खोका लिफ्टमध्ये मावतो का बघा. तो सुमारे पाच फूट लांब असतो आणि आडवा झोपवून न्यायचा नसतो, पॅनेलला ताण येऊन तडा जातो. जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर वळणाच्या जिन्याने उभा नेणं म्हणजे डोक्याला शॉट.

हॉलला मोठी बाल्कनी आहे, दिवसा पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो. काय करू?

ब्राइटनेस बघा, तो निट्समध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही २५० ते ३५० निट्सचे असतात, ते दुपारी बाल्कनीच्या उजेडात मरतात. तुमच्यासारख्या हॉलला ५०० च्या वर हवा आणि एचडीआरचा (उजळ भाग जास्त उजळ आणि काळा जास्त गडद दाखवणाऱ्या चित्राचा) खरा परिणाम हवा असेल तर ६०० च्या पुढे. जाहिरातीतला "पीक" आकडा पडद्याच्या छोट्याशा भागात क्षणभर मिळणारा असतो हे लक्षात ठेवा. बाकी, टीव्ही बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतीवर लावता आला तर निम्मा प्रश्न फुकटात सुटतो, आणि उरलेला बाल्कनीला कापडी पडदा लावून.

व्हीए आणि आयपीएस पॅनेल म्हणजे काय, मला कुठलं?

व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३००० ला १ किंवा जास्त, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूनेही चित्र तसंच, पण कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास, म्हणून अंधारात काळं राखाडी दिसतं. सगळे सोफ्यावर समोर बसत असतील तर व्हीए. कोणी जेवणाच्या टेबलावरून तिरकं बघतंय, कोणी दाराजवळ खुर्ची टाकून, पोरं खाली सतरंजीवर, असं असेल तर आयपीएसचा विचार करा. कंपन्या हे स्पेसिफिकेशनमध्ये सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे शोरूममध्ये स्वतः बाजूला जाऊन उभं राहणं हाच उपाय.

पॅनेल कुठल्या कंपनीचं आहे ते विचारावं का? ब्रँडेड टीव्हीत ब्रँडचंच पॅनेल असतं ना?

विचारून उपयोग नाही, दुकानदारालाही माहीत नसतं. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेल बनवणं बंद केलं, एलजी डिस्प्लेने ग्वांगझूचा टीव्ही एलसीडीचा कारखाना टीसीएलच्या सीएसओटीला विकला. आज जगभरातल्या एलसीडी टीव्हींची बहुतेक पॅनेलं बीओई, सीएसओटी, एचकेसी अशा चिनी कारखान्यांतून येतात, मग वरचं नाव कुठलंही असो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या लॉटला वेगळं पॅनेल असंही होतं. मोठ्या ब्रँडचे जास्तीचे पैसे जातात ते चित्रावर काम करणाऱ्या प्रोसेसरला, सॉफ्टवेअरला आणि सर्व्हिसला. ते पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही, पण "पॅनेल त्यांचंच" म्हणून देऊ नका.

फोरके टीव्ही घेतला आणि मराठी चॅनेल आधीपेक्षा वाईट दिसतात! टीव्ही खराब आहे का?

टीव्ही ठीक आहे. मोठा टीव्ही घेतल्यावर सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. आपल्याकडचा एसडी (साधा, एचडी नसलेला) चॅनेल म्हणजे जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ पिक्सेल, त्यातही केबलवाला किंवा डीटीएचवाला तो दाबून पाठवतो. तुमचा पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे ऐंशी लाखांच्या वर पिक्सेल. चार लाखांच्या चित्रातून ऐंशी लाख भरायचे, तर उरलेले टीव्ही अंदाजाने भरतो. ३२ इंचावर जे खपून जात होतं ते ५५ वर उघडं पडतं, बातमीदाराच्या कानाभोवती मुंग्या आल्यासारखं दिसतं.

उपाय आहेत. पहिला, सेट टॉप बॉक्स एचडी करून घ्या आणि घरात रोज बघितल्या जाणाऱ्या चॅनेलांचं एचडी व्हर्जन पॅकमध्ये टाका, मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्यांची एचडी व्हर्जन आहेत. कितीतरी घरांत बॉक्स एचडी असतो आणि पॅक एसडीचं, त्याहून मजा म्हणजे बॉक्स टीव्हीला जोडलेला असतो त्या जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने. एचडीएमआय लावा. दुसरा, टीव्हीतला शार्पनेस कमी करा, वाढवू नका, वाढवला की कचरा जास्त ठळक दिसतो. तिसरा, हीच मालिका ॲपवर बघा, तिथे ती बहुतेक वेळा जास्त स्वच्छ दिसते.

घरी ऐंशी टक्के वेळ एसडीच चालणार असेल तर अपस्केलिंग (हे अंदाजाने पिक्सेल भरणं) चांगलं असलेला टीव्ही घ्या आणि ५५ वरच थांबा. इथे मात्र सोनी, सॅमसंग, एलजीचे प्रोसेसर अजून पुढे आहेत, हे स्वस्त ब्रँडचे चाहते मान्य करत नाहीत पण शेजारी शेजारी लावून बघा.

क्रिकेटसाठी १२० हर्ट्झ लागतो का?

लागतो असं नाही, असला तर बरा. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झवर चालतं, म्हणजे चॅनेलवरून सेकंदाला जास्तीत जास्त ५० चित्रं येतात, साधा ६० हर्ट्झचा टीव्ही ती दाखवू शकतो. १२० च्या पॅनेलवर हालचाल थोडी स्वच्छ दिसते आणि मधली चित्रं तयार करणारं एमईएमसी जास्त नीट चालतं.

पण एक गोष्ट फार कमी जणांना माहिती आहे. मॅच स्टिकवर किंवा ब्रॉडबँडच्या बॉक्सवर बघत असाल आणि तो ६० वर सेट असेल तर ५० चित्रं ६० मध्ये कोंबताना दर पाचवं चित्र दोनदा दाखवलं जातं. मग चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा फिरला की प्रेक्षकांची गॅलरी बारीक झटके खात सरकते. लोक याला नेट स्लो समजतात, टीव्हीला शिव्या देतात. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॅच फ्रेम रेट असं काही असेल तर चालू करा, नाहीतर मॅचपुरतं आउटपुट ५० हर्ट्झ करा. झटके जातात.

सिनेमा बघताना मात्र एमईएमसी बंद. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, एमईएमसीने तो गुळगुळीत होऊन दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

आणि "१२० हर्ट्झ" च्या आधी मोशन, क्लॅरिटी, डीएलजी असला शब्द लिहिलेला असेल तर पॅनेल बहुधा ६० चंच आहे, त्यावर काहीतरी क्लृप्ती केलेली आहे. नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पॅनेलचे स्वतःचे खरे हर्ट्झ, किती ते विचारा.

डॉल्बी व्हिजन नसेल तर मोठा तोटा आहे का?

नाही. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार. सॅमसंग तो देतच नाही, एचडीआर १० प्लस हा दुसरा प्रकार देते, आणि लोक खुशाल बघतात. ३०० निट्सच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजनचा लोगो असण्यापेक्षा ७०० निट्सच्या टीव्हीवर तो नसणं केव्हाही बरं. नेटफ्लिक्सवर फोरके हवं असेल तर त्यांचा सगळ्यात महागडा प्लॅन लागतो आणि नेट १५ एमबीपीएसच्या पुढचं, हे मात्र टीव्ही घेण्याआधी कोणी सांगत नाही.

शोरूममध्ये नेमकं काय बघायचं? सगळेच भारी दिसतात.

दिसणारच, कारण सगळ्यांवर कंपनीचा डेमो व्हिडिओ चाललेला असतो, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत पक्षी, मधाचे थेंब, हॉटेल्सचे ड्रोन शॉट, आणि टीव्ही स्टोअर मोडमध्ये असतो, त्यात ब्राइटनेस आणि रंग फुल्ल.

एक पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यात टाका: पूर्ण राखाडी रंगाचं एक चित्र, रात्रीचा एखादा सीन, पांढरी सबटायटल असलेला काळोखा सीन, क्रिकेटची एक क्लिप जिच्यात कॅमेरा चेंडूमागे पळतोय, आणि न्यूज चॅनेलची रेकॉर्ड केलेली क्लिप, खाली पळती पट्टी असलेली. सेल्समनला सांगा की होम मोड करा आणि पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा. थोडे आढेवेढे घेतील, पण सोमवार ते गुरुवार दुपारी गेलात तर ऐकतात, रविवारी संध्याकाळी कोणी विचारणार नाही.

राखाडी चित्रावर डाग, उभे पट्टे, काळपट कोपरे दिसतात का बघा, हेच डाग नंतर हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरताना दिसतात. रात्रीच्या सीनमध्ये काळ्या कोटाच्या घड्या दिसतात की नुसता काळा गोळा. सबटायटलभोवती धूर. पळत्या पट्टीतली जोडाक्षरं वाचता येतात का, "राष्ट्रवादी" मधला ष्ट्र पळताना फाटत असेल तर पॅनेल सुस्त आहे. मग सरळ बाजूला चार पावलं जाऊन तेच परत बघा. शेवटी रिमोट हातात घेऊन सेटिंग उघडा-बंद करा, मेनू अडखळतोय का ते तिथेच कळतं.

आणि हे लक्षात ठेवा की तुम्ही जो शोरूममध्ये बघितला तो पीस तुमच्या घरी येणार नाही, म्हणून हीच राखाडी टेस्ट घरी आल्यावर पहिल्याच दिवशी परत करा.

गूगल टीव्ही, टायझन, वेबओएस, फायर टीव्ही... कुठलं सॉफ्टवेअर?

यावर जास्त वेळ घालवू नका. सगळ्यांवर मोठी ॲप्स चालतात. गूगल टीव्हीवर ॲप्स जास्त, पण २ जीबी रॅमचा असला तर दोन वर्षांत गोगलगाय होतो, त्यामुळे गूगल टीव्ही घेताना ३ जीबी मिळाली तर बघा. टीव्ही मंद झाला तर स्टिक लावायची, विषय संपला. म्हणूनच चांगलं सॉफ्टवेअर आणि खराब पॅनेल असा टीव्ही घेऊ नका, उलटं चालेल.

आवाजाचं काय? ३० वॅट लिहिलंय, पुरेल?

बातम्यांना पुरेल. पातळ टीव्हीत स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, वॅट कितीही लिहा. सिनेमाची हौस असेल तर टीव्हीच्या बजेटमधून आठ-दहा हजार बाजूला काढून साउंडबार घ्या, आणि टीव्हीला एचडीएमआय ईआर्क (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारं) पोर्ट आहे याची खात्री करा म्हणजे एकाच वायरीत आणि एकाच रिमोटवर काम होतं. आधी महिनाभर टीव्हीच्याच स्पीकरवर बघा, गरज वाटली तर घ्या. वयस्कर माणसांना संवाद ऐकू येत नसतील तर आवाज वाढवण्याआधी साउंड सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा डायलॉगचा पर्याय असतो तो चालू करून बघा.

पोरगा प्लेस्टेशन मागतोय, त्यासाठी वेगळं काही?

नेटिव्ह १२० हर्ट्झ, एचडीएमआय २.१, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे हर्ट्झ कमीजास्त होणं), आणि गेम मोड (बटण दाबल्यावर पडद्यावर होणारा उशीर कमी करणारा). एवढं सगळं ५५ इंची मिनी एलईडीमध्ये या बजेटात मिळतं. पोरगा फक्त मागतोय आणि घ्यायचं ठरलेलं नसेल तर यासाठी जास्त पैसे देऊ नका.

ऑनलाइन घ्यावा की दुकानातून?

ऑनलाइनचा भाव छापून किंवा मोबाइलवर काढून दुकानात न्या आणि "एवढ्यात देता का" विचारा. मोठ्या साखळीच्या दुकानांतही भाव खाली येतो, पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी तर घासाघीस धरूनच चालतात. हजार-दोन हजारांचा फरक उरला तर मी दुकानातून घेईन, कारण पडदा तडकलेला निघाला तर समोर जाऊन बोलता येतं.

ऑनलाइन घेतलात तर ओपन बॉक्स डिलिव्हरी निवडा आणि ओटीपी देण्याआधी टीव्ही चालू करून घ्या, किंवा कंपनीचा माणूस येऊन खोका उघडणार असेल तर तोवर हात लावू नका आणि उघडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा. आणि सर्व्हिस! तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर आहे का, हे पिनकोड टाकून कंपनीच्या साइटवर बघा. पुण्या-मुंबईत सगळे ब्रँड चालतात, पण सावंतवाडी, किनवट किंवा शिरपूरला राहणाऱ्याने हा प्रश्न भावाच्या आधी विचारावा. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, बिल आणि व्हिडिओ जपून ठेवा.

कधी घेतला तर स्वस्त पडतो?

आपले साडेतीन मुहूर्त आहेतच, त्यातही दसरा-दिवाळीच्या आसपासचे सेल सगळ्यात जोरदार असतात, मग २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टचे. नवी मॉडेलं साधारण उन्हाळ्यात-पावसाळ्यात येतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं चांगलं मॉडेल तेव्हा पडत्या भावात मिळतं आणि एका वर्षात तंत्रज्ञान काही इतकं पळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ५० हजार असेल तर आधी ६४ हजार व्हायचे ते आता ५९ हजार. म्हणून जुने रिव्ह्यू वाचताना त्यातल्या किमतींवर जाऊ नका, आणि कोणी त्या आधीच्या एमआरपीवर "४० टक्के सूट" दाखवत असेल तर हसून सोडून द्या.

नो कॉस्ट ईएमआय खरंच नो कॉस्ट असतो का?

जवळजवळ. व्याज तेवढी सूट आधीच देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. काही ठिकाणी रोख घेतलं तर मिळणारी सूट ईएमआयवर मिळत नाही, तो खरा खर्च. दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी?

ब्रँडची स्वतःची असेल आणि पॅनेल कव्हर करत असेल तर घ्या, कारण वॉरंटीनंतर पॅनेल गेलं तर बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. दुकानाची किंवा तिसऱ्याच कंपनीची असेल तर अटी वाचा. पोराने बॉल मारला, पडदा फुटला, ते कुठल्याच साध्या वॉरंटीत बसत नाही.

स्टॅबिलायझर लागतो का? आमच्याकडे लाइटचा खेळ चालू असतो.

बहुतेक नवे टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेव्हा व्होल्टेज कमी होतं म्हणून स्टॅबिलायझर लागत नाही. जास्त होत असेल, गावाकडे रात्री पंप बंद झाले की बल्ब एकदम प्रखर होतात तसं, तर लावा. अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

वीज पडण्याचं प्रकरण वेगळं. कोकणात, घाटात, मराठवाड्यात वळवाच्या पावसात टीव्ही जातात ते बऱ्याचदा प्लगमधून नाही तर छत्रीच्या केबलमधून किंवा ब्रॉडबँडच्या वायरीतून आलेल्या झटक्याने. स्पाइक गार्ड छोट्यामोठ्या झटक्यांना ठीक आहे, जवळ वीज पडली तर तो काही करू शकत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा आणि छत्रीची केबलही काढा. नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही.

भिंतीवर किती उंच लावू? आणि भिंत पेलेल का?

बसल्यावर डोळे जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर असतात, पडद्याचा मध्य तिथे आला पाहिजे. ५५ साठी खालची कड जमिनीपासून ७० सेंटीमीटरच्या आसपास. इन्स्टॉलेशनवाला सवयीने पाच फुटांवर मार्किंग करतो, हॉटेलात असतो तसा, त्याला थांबवा, नाहीतर महिनाभरात मान बोलायला लागते.

५५ चा टीव्ही साधारण १२ ते १७ किलो. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला काही प्रश्न नाही. नव्या टॉवरमध्ये सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंती असतात, त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू सैल पडतो, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात, ते आधीच आणून ठेवा. पावसाळ्यात ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही अजिबात लावू नका.

लाइट बिल किती वाढेल?

५५ इंची एलईडी सरासरी १२० वॅट धरा, रोज चार तास, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिट. आठ-दहा रुपये युनिट पकडलं तर दीडशेच्या आत. नक्की आकडा हवा तर बीईई या सरकारी संस्थेच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात.

भाऊ दुबईत आहे, अमेरिकेत मावशी आहे, तिकडून आणला तर?

नको. २०१३ पासून फ्लॅट टीव्ही प्रवाशांच्या ड्युटी फ्री सवलतीत बसत नाही, कस्टम भरावं लागतं. वॉरंटी इथे बहुधा चालत नाही, आणि अमेरिकेतले काही टीव्ही फक्त १२० व्होल्टवर चालतात. मावशीला चॉकलेटं आणायला सांगा.

टीव्ही लागला, आता कुठल्या सेटिंग बदलू?

व्हिविड मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, राहू द्या. एनर्जी सेव्हिंग बंद, नाहीतर टीव्ही स्वतःहून अंधार करतो आणि तुम्ही पॅनेलला दोष देता. शार्पनेस कमी. लोकल डिमिंग असेल तर हाय. सेटअपच्या वेळी तुम्ही काय बघता याची माहिती कंपनीला पाठवायची परवानगी मागतात, ती नाकारली तरी टीव्ही चालतो.

गावी आई-बाबांसाठी घ्यायचाय, त्यांना हे सगळं जमेल का?

त्यांच्यासाठी पॅनेलच्या आधी रिमोट बघा. सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही एकाच रिमोटवर चालतील असं सेट करून द्या, आणि टीव्ही चालू केल्यावर थेट बॉक्सचं एचडीएमआय उघडेल असा पर्याय असतो तो लावा, नाहीतर रोज संध्याकाळी "टीव्हीवर नुसती ॲपं दिसतायत" म्हणून फोन येणार. डीडी फ्री डिश बघत असतील तर काही टीव्हींत त्याचा ट्यूनर आतच असतो, छत्रीची वायर सरळ टीव्हीला लागते आणि बॉक्स व दुसरा रिमोट दोन्ही जातात, सह्याद्री वगैरे फुकटात चालू. घेताना उपग्रह ट्यूनर आहे का एवढंच विचारा. आणि लावायला जाल तेव्हा चॅनेल नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून रिमोटशेजारी चिकटवून या.